उजवा रकाना

बावीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसते. एक्स-रे तळमजल्यावर, रक्ततपासणी डावीकडे, बाळंतिणी दुसऱ्या मजल्यावर. माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते मला कळतं. निदान मला तसं वाटतं. "अहो, पुढचं ऐकून तरी घ्या," असं म्हणणारे रोज दोन-चार भेटतात. मी घेत नाही, कारण मागे रांग असते.

माझी धाकटी बहीण याच इस्पितळात गेली. त्या वेळी मी कुठे होते ते कुणी विचारलं नाही. मी तिच्या उशाशीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि मीही ते तसंच चालू दिलं. पण तेव्हापासून माझी प्रार्थना बंद पडली. लहानपणापासून मी देवाशी बडबड करत आले होते; भाजी निवडताना, जिना चढताना, दात घासताना. आता रोज सकाळी हात जोडून बसायची, पण घशाला कुलूप. चौदा महिने! राग होता म्हणावं, तर माणूस रागावलं तरी बोलतं. मला त्या बडबडीची इतकी आठवण यायची की कधीकधी जिन्यातच बसून रडायची.

आमच्या चर्चचे फादर म्हणाले, "आध्यात्मिक मार्गदर्शक शोधा. महिन्यातून एकदा भेटा. ते तुमच्या प्रार्थनेचं ऐकतील."

"जी प्रार्थना होतच नाही, तिचं काय ऐकणार?"

"तेच," फादर म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पहिल्या मार्गदर्शकांकडे मी तासभर बसले. घरी आले तेव्हा त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची मला खडान्‌खडा माहिती होती. दुसरीने एक तक्ता भरायला दिला: देव किती जवळ वाटतो, एक ते दहा. मी दोन लिहिलं, तेही तिचं मन राखायला. मग कानाला खडा लावला. पण तो फार दिवस टिकला नाही, कारण ओढ काही कमी होईना.

तिसऱ्या बाई. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. चाव्या करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. खालून मशीनची घरघर यायची. दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर नाही, जराशा खिडकीकडे वळवलेल्या. बसण्याआधी बाईंनी फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर आडवा ठेवला. तो तसा पडलेला बघून माझा जीव कासावीस झाला. मी उठून तो जागेवर ठेवला. बाईंनी पुन्हा काढला.

"जगबुडी आली तर लोक जिना चढून सांगतील," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले आणि बोलले. बहिणीचं आजारपण, तिचे केस, तिचा हट्टी स्वभाव, सगळं. फक्त ती शेवटची सकाळ सोडून. बाई ऐकायच्या. सल्ला नाही, बायबलचं वचन नाही, "असं होतं हो" नाही. उठायच्या वेळी देवाबद्दल एकच प्रश्न असायचा, "हे त्याला सांगितलंत का?"

"नाही."

"बरं," म्हणून त्या रिसीव्हर जागेवर ठेवायच्या.

पाच महिने हे असंच चाललं. मग माझ्या डोक्यात खूळ शिरलं. मार्गदर्शक घडवण्याचा दोन वर्षांचा वर्ग होता, दर शनिवारी. मी नाव घातलं.

"का?" बाईंनी विचारलं.

"लोकांचं ऐकायला शिकेन."

"आणि तुमचं?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मी काही म्हटलं नाही."

त्या कधीच काही म्हणायच्या नाहीत, हाच तर वैताग होता. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटलं होतं, देव माझ्याशी बोलत नसेल तर नसू दे, इतरांशी तर बोलत असेल. त्यांच्याजवळ बसले तर त्याचा आवाज कानावर तरी पडेल. तेवढ्यावरही मी भागवलं असतं.

वर्ग घेणारे सर पूर्वी वायरमन होते. अजूनही काही बोलायच्या आधी, मेन स्विच बंद आहे ना हे बघितल्यासारखे थांबायचे. पहिल्याच सरावात माझ्या समोर बसलेली वर्गातली एकजण म्हणाली, "मला हल्ली चर्चमध्ये बसवत नाही..."

"मागचा बाक घ्या," मी म्हणाले. "तिथे पंखा आहे."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "खिडकी बंद करा," एवढंच म्हणाले. जित्याची खोड, पण वर्षभरात मी जीभ दाताखाली धरायला शिकले. मग मला सरावासाठी खरा माणूस मिळाला, एक बसड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील घरीच, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेले होते. रिकामी बस डेपोत परत नेताना देव शेजारी असल्यासारखं वाटतं, एरवी कुठेच वाटत नाही, असं तो सांगायचा. मी ऐकायची आणि मनातून त्याच्यावर जळायची.

प्रत्येक भेटीनंतर आम्हाला ती आठवून, जशीच्या तशी कागदावर उतरवायची असे. डाव्या रकान्यात आपले शब्द, उजव्या रकान्यात समोरच्याचे. कुणी गप्प बसलं तर तेही कंसात लिहायचं, किती मिनिटं ते धरून. तिसऱ्या भेटीचा माझा कागद सरांनी वाचला आणि उजव्या रकान्यातल्या एका जागी बोट ठेवलं.

"'मी तीन मजले खाली होतो. इतक्या जवळ असूनही त्याने मला वर बोलावलं नाही.' हे ड्रायव्हर म्हणाले?"

"हो."

"त्यांचे वडील तर घरी गेले ना? यांच्याच मांडीवर? मग हे मजले कुठले?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय. मी काय मनचं लिहीन?"

सरांनी कागदाची घडी घातली. "कागद घरी न्या," म्हणाले. "पुन्हा आठवून बघा."

आठवायचं काय? माझ्या कानांनी ऐकलं होतं. कागदातलं समोरच्याला विचारायचं नाही असा नियम आहे, पण पुढच्या भेटीत मी विचारलंच.

ड्रायव्हर गोंधळला. "नाही ताई, मी असं नाही बोललो. वडिलांचं सांगून झालं आणि मी गप्पच बसलो. तुम्हीही गप्प होतात. बराच वेळ." मग जरा लाजून म्हणाला, "खूप बरं वाटलं मला. असं माझ्याबरोबर गप्प कुणी बसलं नव्हतं."

घरी येऊन मी कागद उघडला. त्या जागी कंस नव्हता. त्याच्या शांततेत मी माझंच वाक्य कोंबलं होतं, आणि तेही त्याच्या तोंडी.

बहीण गेली त्या सकाळी अकरा वाजता मी खिडकीत होते. महिनाभर एकच मागणं मागत होते की ती जाताना माझा हात तिच्या हातात असू दे. एका म्हाताऱ्या गृहस्थांना प्लास्टरची खोली कुठे ते मी सांगत होते. दोनदा सांगितलं, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. तेवढ्यात वरून फोन आला, ती गेल्याचा. तीन मजले. जिन्याने गेले असते तर दीड मिनिट.

कागद घेऊन मी बाईंकडे गेले आणि हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. त्या खिडकीकडे बघत ऐकत राहिल्या. शेवटी तोच प्रश्न.

"हे त्याला सांगितलंत का?"

"नाही."

मी रिसीव्हरकडे बघितलं. या वेळी बाईंनी तो उचलला नाही. "बरं"ही म्हणाल्या नाहीत. खाली चावीवाल्याचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं.

"मी तीन मजले खाली होते," मी म्हणाले. बाईंना नाही. "मी एवढंच मागितलं होतं. मला का नाही बोलावलंस?" आणि मग, इतकी ओढ होती तरी जे म्हणायला मी घाबरत होते ते: "तुझ्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही रे."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. बाईंनी रुमाल काढला, स्वतःचे डोळे पुसले आणि मग तो मला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला जायच्या आधी मी एक कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डाव्या रकान्यात माझे शब्द लिहिले, जसेच्या तसे, "रे"सकट. उजवा रकाना रिकामा होता. तिथे काय लिहावं हे मला चटकन सुचलं, खिडकीत सुचतं तसं. देव म्हणतोय, ती तुला हाक मारत नव्हती, मीच होतो तिच्याजवळ, वगैरे वगैरे. चांगली वाक्यं होती. दुसऱ्या कुणाला नक्की उपयोगी पडली असती.

मी कंस उघडला, पण तो बंद केला नाही. किती मिनिटं ते अजून ठरायचं होतं. पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडून काही येतंय का, याची वाट बघत बसले. त्या दिवशी चौकशी खिडकी वीस मिनिटं उशिरा उघडली.