लिहिलेलंच होतं तर

रंगाच्या कारखान्यात टाकीचा स्फोट झाला आणि आठ माणसं जागच्या जागी गेली. जी वाचली ती भाजलेल्यांच्या वॉर्डात आली. त्या वॉर्डाची मुख्य नर्स म्हणजे चर्चच्या पाळकांची थोरली बहीण. वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. ताई म्हणणारा एकच, तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं. तो पाळक झाला तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

पण अलीकडे त्याला एक नाद लागला होता. कुठे भूकंप झाला, कुठे साथ आली, कुठे लढाई पेटली, की रविवारच्या प्रवचनात ती आपत्ती हजर. हे सगळं बायबलच्या भविष्यवाणीत आहे, जगाचा शेवट जवळ आलाय, असं तो सांगे. ऐकायला इतकी मंडळी येत की मागे उभं राहायला जागा नसे. "अरे, साथी काय आपल्या आजोबांच्या काळात नव्हत्या?" एवढं म्हणून ताई गप्प बसायची. कुणाचं वाईट तर करत नाही ना, अशी स्वतःची समजूत घालायची.

स्फोटानंतरच्या रविवारी तो आकाशातून पडणाऱ्या अग्नीवर बोलला. ते प्रवचन फोनाफोनी शहरभर फिरलं आणि वॉर्डातही पोचलं.

दुसऱ्या दिवशी ताई एका तरुण वेल्डरचं ड्रेसिंग बदलत होती. त्याचे दोन्ही हात आणि मान भाजली होती. तो ओरडत नसे, दात आवळून छताकडे बघत राही. त्या दिवशी मात्र मध्येच बोलला.

"सिस्टर, पाळकसाहेब म्हणतात हा देवाचा इशारा होता. मग त्याला मीच का सापडलो? मी असं काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणे."

"गळत होताच. कितीतरी दिवस वास येत होता. सगळ्यांनी सांगितलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, आधी माल जाऊ दे, मग बघू." पुढे म्हणाला, "पण लिहिलेलंच होतं म्हटल्यावर साहेबांना तरी काय बोल लावायचा?"

ड्यूटी संपताच ताईनं भावाचं घर गाठलं. तो खुशीत होता.

"ताई, कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन होता. गेलेल्यांसाठी प्रार्थनासभा ठेवतायत. मीच बोलावं म्हणतात. रविवारचं प्रवचन आवडलं त्यांना."

"आवडेल नाही तर काय. तू त्यांची मान सोडवलीस."

त्याचा चेहरा उतरला. "मी कुणाची बाजू घेतली नाही. लोक घाबरलेत. हे का झालं ते त्यांना कळायला नको?"

"का झालं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. व्हॉल्व्ह गंजला होता. त्यात देवाला कशाला ओढतोस?"

"म्हणजे शास्त्रातलं खोटं?"

"शास्त्राला मी खोटं म्हणत नाही, तुझ्या मेळ घालण्याला म्हणते. जी आपत्ती येईल ती तुझ्या भविष्यवाणीत चपखल बसते. असं कसं रे? उद्या वॉर्डात ये, आणि हेच तिथे सांग."

तो आला. तोंडाला मास्क बांधून वेल्डरच्या खाटेपाशी उभा राहिला. पोराला झोप लागली होती. शेजारी त्याची आई बसली होती, ती उठली नाही.

"पाळकसाहेब, हे आधीच लिहिलेलं होतं ना?" तिनं विचारलं. "मग आज लेकाला घरी ठेव, एवढं मला कुणी का नाही सांगितलं?"

"मला माहीत नाही, आई," तो म्हणाला.

"मग परवा एवढं ठासून कसं सांगितलंत?"

प्रार्थनासभेला हॉल गच्च भरला होता. मॅनेजर पहिल्या रांगेत. पाळकानं गेलेल्या आठ जणांची नावं घेतली. मग म्हणाला, "हे होणारच होतं, असं मी सांगितलं. मी चुकलो. व्हॉल्व्ह वेळेवर बदलला असता तर ही माणसं आज घरी असती." मॅनेजर उठून चालता झाला. मागे कामगारांत कुजबुज सुरू झाली. ताईचा ऊर भरून आला.

तेवढ्यात तिच्या शेजारची बाई हुंदके देऊ लागली. तिचा नवरा त्या आठांतला. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"देवानं ठरवलेलं होतं, एवढंच धरून मी बसले होते," ती म्हणाली. "आता कळलं, तो उगाच गेला. आता मी काय धरू, सिस्टर?"

ताईनं हात मागे घेतला. खरं बोललं की जखम धुऊन निघते, असं तिला वाटत आलं होतं.

पुढे कामगार बोलू लागले, चौकशी बसली. ती अजून चालू आहे. चर्चमधली गर्दी निम्म्यावर आली. शेवट येणार यावर पाळकाचा अजून विश्वास आहे, फक्त कधी आणि कशानं ते तो सांगत नाही. संध्याकाळी तो त्या बाईच्या घरी जातो. ती दार उघडते, बसायला खुर्ची देते, पण बोलत नाही. थोडा वेळ बसून उठतो. ताई कधी सोबत गेली, तर ती बाई आणखी एक खुर्ची आणून ठेवते.