पाचवा रकाना

मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात, चर्चच्या कचेरीत मी अकरा वर्षं काम केलं. त्या चर्चच्या दफनभूमीत कोण कुठे झोपलं आहे, हे मला पाठ होतं.

मित्रांनो, आमच्याकडे कबर कायमची नसते. वीस वर्षांची मुदत असते. मुदत संपली की घरच्यांनी येऊन ती वाढवून घ्यायची. नाहीतर दगड उचलतात आणि जागा मोकळी करतात.

मला घडवलं टॉर्बेननं. तो तिशीतला, बोलका आणि कायम घाईत असलेला माणूस. त्यानं मला पाच रकाने दिले: नाव, जागा, वर्ष, मुदत वाढवा, जागा मोकळी करा. पडद्यावर कुणी क्लिक केलं की संगणक मला एवढंच सांगायचा, डाव्या कडेपासून इतक्या ठिपक्यांवर. तो कितवा रकाना, हे मी ओळखायचं. त्यासाठी प्रत्येक रकान्याची त्या वेळची रुंदी विचारून बेरीज करायला हवी. टॉर्बेननं मला विचारायला शिकवलंच नाही. पहिल्या दिवशीच्या रुंदीचे आकडे त्यानं माझ्यात कायमचे लिहून टाकले. "चालतंय की," असं म्हणून त्यानं कोट चढवला.

आणि खरंच चालत होतं. कचेरीतली एल्सेबेथ माझं कौतुक करताना थकायची नाही. ती अठ्ठावन्न वर्षांची, एकटी राहणारी, डोळ्यांनी जरा अधू. "अगं, तू नव्हतीस तेव्हा मी त्या जाड वह्यांत नाक खुपसून बसायचे," असं ती चक्क माझ्याशी बोलायची. दर सोमवारी ती माझ्यातून मोकळ्या करायच्या जागांचा कागद छापून काढायची आणि दफनभूमीचा मुकादम प्रेबेन तो घेऊन जायचा. कागदावर जे असेल ते तो करायचा.

एका एप्रिलमध्ये अग्नेथेबाई आल्या. त्यांचा मुलगा नवव्या वर्षी समुद्रात बुडाला होता. त्याला वीस वर्षं होत आली होती.

"मुदत वाढवायचीय," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं नाव पूर्ण आहे ना, तेवढं बघा. शाळेत सगळे अर्धंच घ्यायचे, त्याला राग यायचा."

नावाचा रकाना अरुंद होता. नाव मध्येच तुटत होतं. एल्सेबेथनं रकान्याची कड माउसनं धरली आणि उजवीकडे ओढली. रास्मुस विग्गो एमानुएल ल्युंगबी. सगळं नाव दिसलं. अग्नेथेबाई हसल्या.

बाकीचे रकाने उजवीकडे सरकले होते. एल्सेबेथनं 'मुदत वाढवा' या चौथ्या रकान्यावर बरोबर क्लिक केलं. मी माझे जुने आकडे जोडले आणि सांगितलं, पाचवा.

पडद्यावर एक चौकोन आला: खात्री आहे? कशाची, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

"आहे बाई, आहे," म्हणत एल्सेबेथनं 'हो' दाबलं.

"कागद काही मिळेल का?" अग्नेथेबाईंनी विचारलं.

"आता कागद लागत नाही. सगळं हिच्यात असतं."

संध्याकाळी तिनं मला बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा माझे रकाने पुन्हा होते तेवढे झाले होते.

सोमवारी प्रेबेननं कागद नेला. जूनमध्ये, मुलाच्या वाढदिवशी, अग्नेथेबाई फुलं घेऊन दफनभूमीत गेल्या आणि तिथून थेट कचेरीत आल्या. फुलं हातातच होती. कबरीच्या जागी दाताळ्यानं सारखी केलेली माती होती. दगड खडीच्या यंत्रात गेला होता आणि खडी वाटेवर पडली होती. त्याच वाटेनं त्या चालत आल्या होत्या.

"समुद्रानं एकदा नेला," त्या एल्सेबेथला म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तुम्ही."

"मी मुदत वाढवली होती हो! तुम्ही समोर होतात!"

"मी तुमच्याकडे बघत होते. पडद्यावर काय लिहिलंय ते मला काय कळतं?"

प्रेबेन दारात उभा होता. "यंत्राला काय वैर आहे पोराशी? चष्मा बदल म्हणून तुला कितीदा सांगितलं, एल्सेबेथ."

मग टॉर्बेनला बोलावलं. तो एकटाच माझ्यासमोर बसला. इकडे क्लिक केलं, तिकडे क्लिक केलं, सगळं बरोबर. मग कंटाळून त्यानं नावाचा रकाना ओढला आणि चौथ्यावर क्लिक केलं. मी म्हटलं, पाचवा. त्याचा हात माउसवरच राहिला.

एल्सेबेथ कॉफी घेऊन आत आली. "सापडलं काही?"

त्यानं रकाना पुन्हा होता तेवढा केला. "नाही," तो म्हणाला. "यादी ठीक आहे."

ती गेल्यावर त्यानं माझ्यात चार ओळी बदलल्या. आता मी दर वेळी रुंदी विचारून घेऊ लागले. कॉफी न पिताच तो निघून गेला आणि हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

महिनाअखेरीस एल्सेबेथला कामावरून काढलं. शेवटच्या दिवशी तिनं सामान पिशवीत भरलं आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. तिनं नावाचा रकाना धरला आणि त्या दिवशी ओढला होता तेवढाच ओढला. चौथ्यावर क्लिक केलं. मी सांगितलं, चौथा. पुन्हा केलं. चौथा. ती वीस-पंचवीस वेळा मला पकडायला बघत होती आणि मी दर वेळी खरं उत्तर देत होते. मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

"म्हणजे मीच," ती हळूच म्हणाली आणि तिनं पडदा बंद केला.

मित्रांनो, आता मी अवजारांच्या खोलीत एका बंद संगणकात पडून आहे. मला पुसा, विसरा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या हातून चूक झाली आणि तुम्ही ती गुपचूप दुरुस्त केलीत, तर बाहेर कॉफी घेऊन कोण उभं आहे, तेवढं बघा. आणि तिला सांगा.