खुर्चीवरचा प्रोसेसर

सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी रोहिदासने प्रोसेसर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला, गिटारची वायर त्यात खोचली आणि शेजारच्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामीच होती. ममता अजून पोचली नव्हती.

धुळ्याबाहेर, महामार्गाला लागून असलेल्या लॉनवर हळदीचा कार्यक्रम होता. साडेपाचला बँड सुरू करायचा होता. नवरदेवाकडची माणसं मंडपात येऊन बसू लागली होती, आणि मोठ्या पंख्यांचा गरम वारा झालरी हलवत होता. ममता सकाळी आजीचे डोळे दाखवायला शिरपूरच्या दवाखान्यात गेली होती. तिथून परस्पर एसटीने येते, असं तिने सांगितलं होतं. बसमध्ये बसल्याचा फोनही आला होता. त्यानंतर मात्र तिचा फोन बंद लागत होता. रोहिदासने पुन्हा लावून पाहिला, खिशात ठेवला, आणि जुळलेल्याच तारा परत जुळवायला घेतल्या.

"तुनी कलेक्टरीन कोठे शे रे?" कीबोर्डवरून समाधानने विचारलं. "तिना हुकूमबिगर तुनी गिटार वाजस का?"

बाकीचे हसले. रोहिदासही हसला, पण त्याचा हात खुंटीवरून निघाला नाही.

ईश्वरभाऊचा बँड शिरपूरकडचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तो लोकप्रिय होता आणि त्याची गिटार दोन शेतं पलीकडूनही ओळखू यायची. पूर्वी रोहिदास एका जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवायचा. उचलायला दोन माणसं लागणारी ती पेटी टेम्पोच्या धक्क्यांनी खिळखिळी झाली आणि जनरेटरचा दाब कमी-जास्त झाला की गुरगुरायची. मागच्या वर्षी ईश्वरभाऊने हा प्रोसेसर आणला. आकाराने पाटाएवढा. तऱ्हेतऱ्हेच्या ॲम्प्लिफायरांचे आवाज त्यात भरलेले, आणि वायर सरळ साउंडच्या मिक्सरला. पेटी नको, ओझं नको. रोहिदासने महिनाभर खपून जुन्या पेटीचा आवाज त्यात जसाच्या तसा बसवला. एका बटणावर साधा, दुसऱ्यावर फाटका, तिसऱ्यावर डोंगरातून परत आल्यासारखा घुमणारा. गाणं चालू असतानाच बटण दाबून आवाज बदलायचा. दोन्ही हात गिटारवर असल्याने ही बटणं पायाने दाबायची असतात. यंत्र त्याच हिशेबाने बनवलेलं, जमिनीवर ठेवायचं.

पण प्रोसेसर घरी आला त्या दिवशी रोहिदासच्या आईने, बुधीबाईने, त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाड्यावर ढोल असो की ट्रॅक्टर, पहिल्या दिवशी हे करायचंच. त्यानंतर रोहिदासने यंत्र जमिनीवर ठेवून पाय उचलला, तर बुधीबाईने त्याचा घोटा धरला.

"ज्याले कुंकू लावं, त्याले पाय कसा लावशी?"

आईने घोटा सोडल्यावरही त्याचा पाय त्या यंत्रावर टेकला नाही. म्हणून प्रोसेसर खुर्चीवर चढला आणि शेजारच्या खुर्चीवर ममता बसू लागली. ती त्याच्याच पाड्यावरची, बँडमध्ये कोरसला गायची. दोन-तीन गाण्यांतच तिचं काम असे. बाकी वेळ ती मोकळीच होती. रोहिदास वाजवता वाजवता हनुवटी खाली करायचा आणि ममता बोटाने बटण दाबायची. एका गिटारला दोन माणसं लागतात म्हणून सुरुवातीला चेष्टा झाली. पुढे सगळ्यांना सवय झाली, आणि मग त्याकडे कोणी पाहीनासं झालं.

सव्वापाचच्या सुमारास पांढरी गाडी लॉनच्या दारात थांबली. ईश्वरभाऊ लगबगीने पुढे गेला. गाडीतून उतरलेले लीलाधरशेठ जळगावचे. तिकडच्या मोठ्या लॉनवरचे आणि गणपती-नवरात्रातले कार्यक्रम ते ठरवत. मोबाइलवर या बँडचा एक व्हिडिओ पाहून ते मुद्दाम ऐकायला आले होते. पसंत पडलं तर सगळा हंगाम त्यांच्याकडे. टेम्पोमागे धूळ खात पाड्या-पाड्यांवर हिंडणं संपलं असतं. गेले आठ दिवस ईश्वरभाऊ याशिवाय दुसरं काही बोलला नव्हता.

शेठना पुढच्या सोफ्यावर बसवून तो रोहिदासजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "उनी नही ना ती? ठेव खाले. पाय लाव. कोन देखी ऱ्हायनं?"

रोहिदासने कीबोर्डवर वाकलेल्या समाधानकडे पाहिलं. समाधानचेही दोन्ही हात अडकलेले. ढोलकीवाल्याचे आणि ऑक्टोपॅडवर ठेका वाजवणाऱ्याचेही अडकलेले, मिक्सरवाला दूर मंडपाच्या टोकाला. ईश्वरभाऊला गायचं होतं. रोहिदासने आपल्याच उजव्या हाताने करून पाहिलं. तार छेडायची, हात खुर्चीकडे न्यायचा, बटण दाबायचं, परत यायचं. मधे एवढी मोठी फट पडत होती, की समाधानने मान वर केली.

साडेपाच वाजून गेले. नवरदेवाचा मामा येऊन घड्याळ दाखवून गेला.

रोहिदास मंडपाच्या मागे गेला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी त्याने चप्पल काढली, उजवा पाय दोनदा धुतला, गुडघ्यापर्यंत वर केलेल्या पॅंटने पुसला. परत येऊन प्रोसेसर खुर्चीवरून उतरवला. कोपऱ्यातल्या खाचेत बुधीबाईचं कुंकू अजून धरून होतं. त्याने यंत्र फिरवून तो कोपरा पलीकडे केला आणि पाय टेकवला.

पहिलं गाणं उभं राहिलं. साधा आवाज ठीक होता. कडव्यानंतर फाटका आवाज यायचा होता. रोहिदासने बरोबर ठेक्यावर बटण दाबलं, आणि पहिला सूर आलाच नाही. दुसऱ्या सुरापासून गिटार सुरू झाली. पुढच्या बदलाला पुन्हा तेच. आवाज बदलताना यंत्र क्षणभर गप्प होत होतं. डोळ्याची पापणी लवते तेवढंच, पण सुराचं तोंड नेमकं त्यात जात होतं. वर्षभरात एकदाही असं झालं नव्हतं. यंत्र बिघडलं, असं आधी त्याला वाटलं. मिक्सरवाल्याकडे पाहून त्याने भुवया उंचावल्या. मिक्सरवाल्याने काही नाही म्हणून हात हलवला. मंडपातली पोरं नाचतच होती. ईश्वरभाऊ गातच होता. सोफ्यावर लीलाधरशेठ मोबाइल पाहत बसले होते.

दुसऱ्या गाण्यात त्याने घाई करून पाहिली. तेव्हा मागच्या ओळीचं शेपूट तुटलं. मग थांबून पाहिलं, तर सूर पुन्हा गिळला गेला. शर्ट पाठीला चिकटला. नजर सतत पायाकडे जात होती आणि पायाकडे पाहिलं की बोटं चुकत होती. ठेक्याच्या अगोदर, पण फार अगोदर नाही, अशी एक जागा होती आणि ती त्याला सापडत नव्हती. आपण हनुवटी खाली करतो तेव्हाच बदल होतो, असं तो वर्षभर समजत आला होता.

तिसऱ्या गाण्याचा ठेका सुरू झाला तेव्हा ममता दारातून आत आली. खांद्याला पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले. नरडाण्याजवळ बस बंद पडली होती, हे नंतर कळलं. ती स्टेजच्या पायरीपर्यंत आली. प्रोसेसर जमिनीवर आणि त्यावर रोहिदासचा अनवाणी पाय पाहून तिथेच थांबली. वर यायला तिने पाऊल उचललं, तेवढ्यात ईश्वरभाऊने गाता गाता तिला हातानेच थांबवलं. चालू गाण्यात सोफ्यासमोर हलवाहलव नको होती. ती मागे सरली आणि हळदीच्या बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभी राहिली, रोहिदासच्या अगदी समोर.

पहिलं कडवं संपत आलं. रोहिदासने पायाकडे पाहायला मान वाकवली, आणि वाकवता वाकवता त्याला दिसलं की ममताने हनुवटी खाली केली.

त्याच्या हिशेबाने ते लवकर होतं. तरी त्याने दाबलं.

सूर अख्खा आला, तोंडापासून. आपल्या जुन्या पेटीतून यायचा तसा. रोहिदासने मान वर केली ती परत खाली घातली नाही. पुढचा बदल, हनुवटी, पाय. त्याच्या पुढचा, हनुवटी, पाय. प्रत्येक वेळी ते त्याला लवकर वाटत होतं आणि प्रत्येक वेळी बरोबर येत होतं. ममताच्या बाजूची एक बाई तिच्याशी काही बोलत होती. ममता तिला मान हलवून उत्तर देत नव्हती, कारण मान तिने दुसऱ्या कामाला लावली होती. मधल्या लांब तुकड्यात घुमणारा आवाज आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. लीलाधरशेठनी मोबाइल खिशात ठेवला आणि पुढे सरकून बसले. पुढची सगळी गाणी त्यांनी तशीच ऐकली.

सातनंतर हळद लागली, बँड थांबला. शेठ स्वतः स्टेजवर आले. प्रोसेसर जमिनीवरच होता. त्यांनी तो वाकून पाहिला, मग रोहिदासच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकट्याने एवढं सगळं? आमच्याकडे याला दोन गिटारवाले लागतात."

रोहिदास वाकून गिटारची वायर काढू लागला.

"त्या व्हिडिओत बाजूला खुर्चीवर एक मुलगी बसलेली होती. ती कोण?"

"कोरसवाली," ईश्वरभाऊने सांगितलं. "बटणं दाबायची."

"आज तर नव्हती." शेठ मोकळेपणाने हसले. "नव्हती तेच बरं दिसलं. स्टेज मोकळं दिसतं, माणूस उठून दिसतो. हे पाहा ईश्वरभाऊ, मला सहा माणसं द्या. एक गाडी, दोन खोल्या. सहाच्या वर मला परवडत नाही. नावं आजच कळवा, उद्या मी पत्रिका छापायला देतो."

गाडी जळगावच्या दिशेने निघून गेली. मिक्सरवाला आणि टेम्पोवाला धरून बँडमध्ये माणसं आठ होती.

जेवणं उरकली. ममता बायकांच्या पंगतीत जेवून आली आणि कोणी न सांगता वायरी गुंडाळायला लागली. प्रोसेसर उचलून तिने ओढणीने पुसला, आधी वरून, मग चारी बाजूंनी. रोहिदास गिटार कव्हरमध्ये घालत होता. चेन अडकली होती.

"पाय धुईसन ठेवा का?" तिने विचारलं.

"हां."

"बरं करं." ओढणी झटकत ती म्हणाली, "पहिला दोन गाना मी रस्तावरथीन येता येता ऐकात. सूर खाई ऱ्हायंता तू."

"तुले कसं कळस ते? कव्हा दाबानं?"

ममताने प्रोसेसर पिशवीत सरकवला. प्रश्न तिला विचित्र वाटलेला दिसला. तू श्वास घेतोस तेव्हा, असं काहीतरी ती म्हणाली. तुझी हनुवटी नंतर येते. मग तिने विषय बदलला. घरी दिवाळीनंतर उसाच्या तोडीला गुजरातेत जायचं चाललंय, बापाने मुकादमाला हो म्हणायचं बाकी ठेवलंय, जळगावचं काम ठरलं तर ती जाणार नाही असं तिने घरी सांगून टाकलंय. शेठना आवडलं ना, एवढंच तिने विचारलं.

"आवडनं," रोहिदास म्हणाला.

ती हसली आणि वायरींची पिशवी घेऊन टेम्पोकडे गेली.

ईश्वरभाऊ मंडपाच्या कडेला उभा राहून लीलाधरशेठना फोन लावत होता. रोहिदास त्याच्याकडे निघाला, मधे थांबला, गिटारचं कव्हर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एकट्याने एवढं सगळं, हे शेठचं वाक्य अजून त्याच्या खांद्यावर होतं. ते वाक्य काढून घेतलं तर शेठ बाकी काय ठेवतील, हे त्याला माहीत नव्हतं. ईश्वरभाऊलाही माहीत नव्हतं, आणि ईश्वरभाऊने गेले आठ दिवस नीट झोप घेतलेली नव्हती.

फोन लागला. ईश्वरभाऊने एका कानात बोट घातलं आणि मोठ्याने नावं सांगायला सुरुवात केली. पहिलं नाव रोहिदासचं. मग स्वतःचं, समाधानचं. ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला. एकेका नावानंतर तो थांबत होता. पलीकडे कोणीतरी लिहून घेत असावं. टेम्पोच्या मागच्या फळीवर ममता पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिथून सगळं ऐकू जात होतं.

रोहिदासने हात पुढे केला. ईश्वरभाऊने आधी हाताकडे, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काय, असं मानेनेच विचारलं. हात तसाच राहिला, तेव्हा त्याने फोन दिला.

रोहिदासने तो कानाला लावला.

"हां, बोला," लीलाधरशेठ म्हणत होते, "पाच झाली. सहावं कोण?"