तुर्सुन दोमलांची सूनबाई

तुर्सुन दोमलांनी अंथरूण धरल्याला दुसरं वर्ष लागलं होतं, तरी ताश्कंदच्या सूक्ष्मजीव संस्थेतली ती खोली अजून त्यांचीच म्हणून ओळखली जाई. दोमला म्हणजे गुरुजी. त्यांची विद्यार्थिनी इनोबत स्वतः पन्नाशीला आली होती, पण त्यांच्या खुर्चीत बसायचा तिला धीर होत नसे.

सुटीच्या दिवशी ती त्यांच्या घरी जायची. अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली, लाकडी चौथऱ्यावर ते उशांना टेकून वाट बघत असायचे. अर्धं अंग लुळं, जीभ मात्र शाबूत.

"आलात बाईसाहेब? मला वाटलं वाटेत विरघळलात. आमची सूनबाई काय म्हणते?"

सूनबाई म्हणजे त्यांनी तरुणपणी तयार केलेला जिवाणूंचा एक वाण. बाहेरचा ताप, म्हणजे उष्णता, वाढला की जिवाणूच्या आत हाकाटी होते आणि बचावाची प्रथिनं भराभर घडू लागतात. ती हाकाटी देणारं प्रथिनच दोमलांनी या वाणातून काढून टाकलं होतं. त्यामुळे तिला सदा गारव्यात ठेवावं लागे. असा वाण क्वचित दुसरी वाट शोधून उष्म्यातही तगतो, हे दोमलांनी परदेशी लेखांत वाचलं होतं. आपल्या हातच्या वाणात ते एकदा बघावं, एवढीच त्यांची आस उरली होती.

"मजेत आहे तुमची सूनबाई," इनोबत सांगायची.

"असणारच! काम नाही, धाम नाही, थंडाव्यात लोळायचं."

त्या साली चिल्ल्याचा उन्हाळा, म्हणजे जूनअखेरपासूनचे ते चाळीस जीवघेणे दिवस, फारच कडक निघाला. सुटीत संस्थेची वीज गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही. इनोबतने सूनबाईचं थंड कपाट उघडलं तेव्हा आतून गरम वाफ अंगावर आली. तिने प्रत्येक नळीतलं थोडं थोडं जिवाणू वाढवायच्या ताज्या बशांवर पसरलं. गारव्यात ठेवूनही दोन दिवसांत काहीच उगवलं नाही. बशा तशाच टेबलावर टाकून ती दोमलांकडे निघाली.

दारातच सानोबर-ओपांनी, म्हणजे सानोबरताईंनी, दोमलांच्या बायकोने, तिचा चेहरा वाचला. "आज काही सांगू नकोस गं. कालपासून त्यांचं बरं नाहीये."

"वाईट निकाल दडवायचा नाही, हे त्यांनीच शिकवलंय, ओपा."

तिने सांगितलं. 

"तुझ्या ओटीत घातली होती मी ती."

"वीज गेली, दोमला."

"वीज काय आज पहिल्यांदा गेली? मी उशाशी बर्फ घेऊन झोपलोय तिच्यासाठी. जा तू. चहासुद्धा नको घेऊस. जा."

आल्या माणसाला चहाविना परत पाठवणं त्या घरात कधी घडलं नव्हतं. ओपा पियाला हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दोनच दिवसांनी दोमलांना पुन्हा अर्धांगाचा झटका आला.

इकडे इनोबत त्या बशा टाकून देण्याआधी उकळायला घेऊन निघाली, तर एकीच्या कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला. त्या भट्टीसारख्या खोलीत तो वाढला होता. बाहेरचं काही पडलं असेल म्हणून तिने पुन्हा पुन्हा तपासलं. सूनबाईच होती. हाकाटीचं प्रथिन अजूनही नव्हतंच; पण जनुकांमधला एक भटका तुकडा जागा बदलून बचावाच्या एका प्रथिनाच्या जनुकापाशी जाऊन बसला होता, आणि ते प्रथिन आता हाकेविनाच भरपूर बनत होतं.

धावतच ती दोमलांकडे गेली. त्यांनी तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं.

"कुणाची गं तू?"

तिने तरीही सगळं सांगितलं. ते मान डोलावत राहिले, शेजारच्याच्या लेकीचं कौतुक ऐकावं तसे. मग त्यांना झोप लागली.

स्वयंपाकघरात येऊन इनोबत गाजरं चिरायला बसली आणि तिला हुंदका आवरेना. "मी दोन दिवस थांबायला हवं होतं, ओपा."

सानोबर-ओपांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "मला सांग ते. मघाशी तू म्हणालीस ती हाकाटी इतर जिवाणूंत रोज का होत नाही?"

"होऊ देत नाहीत. आत मदतनीस प्रथिनं असतात, म्हणजे बचावाचीच, ती हाक देणाऱ्याला धरून ठेवतात आणि त्याची विल्हेवाट लावतात. ताप वाढला की बाकीची प्रथिनं मोडू-वाकू लागतात. मदतनीस त्यांना सावरायला धावतात, तेवढ्यात हाक देणारा सुटतो. मग तो आणखी मदतनीस बोलावतो. पुरेसे जमले की तेच त्याला पुन्हा धरतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"जन्मभर ते याच्यामागे होते, आणि मला वाटायचं आपल्याला कळायचं नाही." ओपांनी सुरी खाली ठेवली. "विचारायला काय झालं होतं मला?"

कापूस वेचणीच्या दिवसांत दोमला गेले. तोवर इनोबतचं नाव त्यांच्या तोंडी एकदाही आलं नाही. दुखवट्याच्या दिवशी आत बायकांच्या घोळक्यात ती मागे भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी विचारलं, ते नेमकं करायचे तरी काय? सानोबर-ओपा डोळे पुसून सांगू लागल्या: ताप, हाक देणारा, त्याला धरून ठेवणारे. मध्ये एका ठिकाणी त्यांचं सगळं उलटंपालटं झालं. बायका ऐकत होत्या. इनोबतने दुरुस्त केलं नाही.