सुशीलभाऊंच्या कोखीतला दोष

पिवळाधमक दोरा वाटीत बुडाला आणि रक्तासारखा लाल होऊन वर आला, तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याच्या त्या मंगल कार्यालयात जमलेल्या तमाम आयांनी एकाच वेळी श्वास आत ओढला. त्यामुळे हॉलमधली हवा जरा कमी पडली असावी. पंख्याखालची जागा पटकावूनही सुशील निखारेंना गुदमरल्यासारखं झालं.

"देखो माताओं!" मंचावरून पीतांबर महाराज गरजले. पिवळी कफनी, पिवळा फेटा, पिवळ्या काड्यांचा चष्मा. "या बालिकेच्या कोखीत दोष निघाला! हा दोष डॉक्टरले दिसन का? नाही दिसणार. काहून? डॉक्टरजवळ मशीन हाये. आणि मशीनले आई नसते!"

मशीनला आई नसते हे कोणालाच नाकारता येईना. टाळ्या पडल्या.

मग महाराजांनी मंत्र पुटपुटला, लाल दोरा दुसऱ्या वाटीतल्या तीर्थात बुडवला आणि वर काढला. दोरा पुन्हा पिवळा! एका आजीबाईंनी बसल्या जागी दंडवत घातलं.

"दोष गेला! आता तो परत येऊ नये म्हणून हे गर्भरक्षा कवच. ना सुई, ना दवाई, ना साइड इफेक्ट! ज्या पोरीच्या गळ्यात हे कवच, तिले मोठेपणी गर्भपिशवीचा कॅन्सर कधीच नाही. हंड्रेड परसेंट! सायंटिफिक हाये हे. परदेशातले सायंटिस्ट विचारून राहिले, मीच सांगून नाही राहिलो."

दक्षिणा श्रद्धेनुसार होती. श्रद्धा किती असावी, ते मात्र पाटीवर लिहिलेलं होतं.

सुशीलभाऊ इतवारी बाजारातले साड्यांचे व्यापारी. घराणं विणकरांचं. आजोबांचा हातमाग, वडिलांचे सूत रंगवायचे हौद आणि सुशीलभाऊंचं वातानुकूलित दुकान, अशी घराण्याची प्रगती. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं. हे मत त्यांना अधूनमधून दुरुस्त करावं लागे. कंबरदुखीवरच्या चुंबकाच्या गादीनंतर एकदा केलं होतं, मोबाइलची किरणं शोषणाऱ्या शेणाच्या चकतीनंतर पुन्हा एकदा. पण माणूस दिलदार. आपण कसे फसलो याची गोष्ट ते गिऱ्हाइकांना स्वतःच रंगवून सांगत आणि हसता हसता दोन साड्या जास्त विकत.

आजचा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बायकोची, हर्षाची, थोरली बहीण कौशल्या गेल्या वर्षी कुही गावी वारली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. अंगावरून जायचं ते तिनं वर्षभर लपवलं आणि नागपूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर फार उशीर झाला होता. तेराव्याला कोणी विचारलं, तर घरची माणसं खाली मान घालून सांगत, "पोटाचा आजार होता."

तेव्हापासून हर्षानं एकच ध्यास घेतला होता. आपली प्रणाली तेरा वर्षांची आहे, या रोगावरची लस निघालेली आहे, ती तिला द्यायची. उद्या सोमवारी डॉक्टर कामिनींकडे जायचंही ठरलं होतं. आणि आज रविवारी सुशीलभाऊंनी मायलेकींना इथं आणून बसवलं होतं. कवच मिळालं की लसीचं प्रकरण आपोआप मिटेल, असा त्यांचा बेत होता.

"लस नको म्हणता, ते काहून?" हर्षानं येताना विचारलं होतं.

"मोबाइलवर आलं हाये वं. पुढं पोरं होत नाही त्यानं."

"त्याच मोबाइलवर शेणाची चकती आली होती."

यावर सुशीलभाऊंनी स्कूटरचा हॉर्न वाजवला होता. समोर कोणीही नसताना.

एवढ्यात प्रणालीचा नंबर लागला. सुशीलभाऊ तिला घेऊन मंचावर चढले. अंगात खास समारंभाचा पांढराशुभ्र शर्ट होता. फक्त पोटावर एक पिवळा डाग होता. सकाळी घरून निघाल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना तर्रीचा तिखट रस्सा सांडला होता आणि त्यांनी तो तिथल्या तिथं पाण्यानं चोळून काढला होता. तिखट निघालं, हळद राहिली.

महाराजांनी प्रणालीच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला आणि तिचा हात वाटीकडे ओढला. पोरगी अंग चोरणाऱ्यांतली नव्हती, पण अनोळखी माणसानं हात ओढलेला तिला चालत नसे. तिनं हिसडा मारला. वाटी कलंडली आणि अर्धं पाणी सुशीलभाऊंच्या पोटावर.

"काही हरकत नाही, पवित्र जल हाये," महाराज म्हणाले.

प्रणाली बापाच्या शर्टाकडे पाहतच राहिली. पोटावरचा पिवळा डाग तिच्या डोळ्यांदेखत लाल होत चालला होता.

"महाराज," ती म्हणाली, आणि माईक तिच्या तोंडासमोरच होता, "बाबांच्या कोखीत बी दोष निघाला."

मग बायकांच्या बाजूनं एक हसू फुटलं, ते मागच्या दारापर्यंत पसरत गेलं. दंडवत घातलेल्या आजीबाईही उठून बसल्या. सुशीलभाऊंनी दोन्ही हातांनी पोट झाकलं, तसे ते आणखीनच दिवस गेल्यासारखे दिसू लागले.

महाराज मात्र मुरलेले होते. "अर्धनारीनटेश्वर!" ते ओरडले. "प्रत्येक पुरुषाच्या आत एक नारी असते! तिची कोख—"

"असन बाप्पा," खालून हर्षा उभी राहिली. "पण महाराज, या माणसाचे शर्ट मी धुते. दर रविवारी हे तर्री सांडवतात, दर सोमवारी मी साबण लावते, आणि दर सोमवारी यांच्या कोखीत दोष निघते. तुमच्या वाटीत काय हाये? धुण्याचा सोडा?"

आता हसू थांबलं. हॉलमधल्या प्रत्येक बाईनं हळदीच्या डागाला कधी ना कधी साबण लावला होता आणि तो लाल होताना पाहिला होता. घरी मोरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथं आरती झाली, माईक लागला आणि एकीलाही आठवलं नाही.

सगळ्यात जास्त शरम वाटली ती सुशीलभाऊंना. रंगाऱ्याचा पोरगा! सोड्यानं हळद लाल होते, खटाईनं परत पिवळी होते, हे ज्याच्या बापानं त्याला चालायच्या आधी शिकवलं, तो भाविकांच्या रांगेत उभा. फसल्याचं त्यांना एवढं वाईट वाटत नसे. पण आपल्याच धंद्यातल्या गोष्टीत फसणं म्हणजे हलवायानं वाण्याच्या दुकानात साखर समजून मीठ विकत घेणं झालं. त्यांनी दुसऱ्या वाटीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"आंबट," त्यांनी माईकमध्ये जाहीर केलं. "लिंबू हाये."

मग त्यांच्या अंगात वडील संचारले. म्हणजे तसं नव्हे. फक्त हात आठवणीनं चालू लागले. प्रणालीच्या मनगटावरचा दोरा सोडून त्यांनी पहिल्या वाटीत बुडवला. "हा पाहा, दोष आला." लाल. दुसऱ्या वाटीत. "दोष गेला." पिवळा. परत पहिल्या. "आला." परत दुसऱ्या. "गेला. कोणाले आणखी पाहायचा हाये का? आमच्या घरी हौदच्या हौद भरले राहत होते दोषाचे."

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. महाराजांनी चष्मा काढून पुसला आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "रंग ही लीला आहे. लीला सोडा, फळ पाहा. सात वर्षं मी कवच देऊन राहिलो. हजारो पोरी. एकीले तरी हा रोग झाला का? एक पोरगी दाखवा. हे दुकान बंद करतो मी."

खरंच की! हजारो पोरी आणि एकही नाही? मागून कोणीतरी "जय हो" म्हणालं. आणि सांगायला संकोच वाटतो, पण नुकताच भांडाफोड केलेल्या आपल्या सुशीलभाऊंचा हात दक्षिणेसाठी खिशाकडे गेला.

"माझ्या वर्गात कोणाजवळच कवच नाही," प्रणाली म्हणाली. "त्यांच्यातल्या बी कोणाले नाही झाला."

"अभी नहीं हुआ बेटा," महाराज गोड हसले. "तो रोग मोठेपणी होते. वीस-तीस वर्षांनी."

"मग तुमच्या पोरी बी अजून लहानच हायेत ना? तुम्हाले कसं समजलं, त्यांना होणार नाही?"

महाराजांनी पोरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि आता मौन ध्यानाची वेळ झाली असल्याचं जाहीर केलं. माईक बंद झाला.

अर्धी रांग तुटली. उरलेली अर्धी पुढे सरकली, कारण पुढची जागा रिकामी झाली होती.

घरी आल्यावर हर्षानं तो शर्ट बादलीत टाकला आणि नवऱ्यासमोर बसली. "आता खरं सांगा. मोबाइलचं नका सांगू. लस काहून नको?"

सुशीलभाऊंनी नेहमीप्रमाणे एखादा विनोद शोधला. सापडला नाही.

"तो रोग कशानं होते, ते साऱ्याइले माहीत होऊन राहिलं वं आता," ते हळूच म्हणाले. "नवरा-बायकोत जे होते, त्यातून जंतू जाते. आपल्या पोरीले आत्ताच लस दिली, तर लोक म्हणतील, हिच्या मायबापाले कशाचं भेव हाये? कवचाचं बरं होतं. काही बोलाच लागत नव्हतं."

हर्षानं बादली बाजूला सरकवली. "माझ्या ताईचं लग्न एकाच माणसाशी झालं. घर आणि वावर सोडून तिनं काही पाहिलं नाही. त्या जंतूनं तिची चालचलणूक विचारली होती का? ती बी नाहीच बोलली. वर्षभर नाही बोलली. तुमच्या लोकाइच्या भेवानं गेली ती."

"मले तर कोणी विचारूनच नाही राहिलं," दारातून प्रणाली म्हणाली. "मले घ्यायची हाये लस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कामिनींच्या समोर बसल्यावर सुशीलभाऊंमधला चिकित्सक जागा झाला. कालच्या विजयानं त्याला जरा मस्तीही आली होती. महाराजांची गोष्ट रंगवून सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मग तुमचं बी तसंच नाही का? लस दिली, रोग नाही झाला. लसीमुळंच नाही झाला, कशावरून?"

डॉक्टरबाई खूश झाल्या. "हा प्रश्न काल महाराजांना विचारायचा होता ना, सुशीलभाऊ! ऐका. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा लाखो मुली वर्षानुवर्षं पाहिल्या. काही देशांत ही लस सुरू होऊन पंधराहून जास्त वर्षं झालीत. त्या मुली आता मोठ्या बाया झाल्या. ज्यांनी लहानपणी घेतली, त्यांच्यात हा कॅन्सर खूपच कमी निघाला. म्हणजे शेजारी शेजारी ठेवून मोजलं. महाराजांनी कधी मोजलं?"

"आणि पोरं न होण्याचं?"

"तसं काही आढळलेलं नाही. उलट हा कॅन्सर झाला, तर गर्भपिशवी काढायची पाळी येऊ शकते. लसीनं हात दुखतो, कधी बारीक ताप येतो, एखादी पोरगी घाबरून चक्कर येऊन पडते, म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतो. हा जंतू इतका पसरलेला आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा जात नाही, तो आत दबून राहतो. लागायच्या आधी लस दिली तर उत्तम, म्हणून या वयात."

"म्हणजे हंड्रेड परसेंट?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कवच शंभर टक्के असतं, लस नसते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते. हर्षाताई, तुमची केव्हा झाली?"

हर्षानं नवऱ्याकडे पाहिलं. झाली नव्हती. एवढी धावपळ पोरीसाठी करताना तिला स्वतःची आठवण राहिली नव्हती, आणि सुशीलभाऊंना तर हा प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हतं. तिची तारीखही तिथंच ठरली.

सुई टोचली जाताना प्रणालीनं बापाचा हात धरला. डोळे मात्र सुशीलभाऊंनी मिटले.

बाहेर बाकावर तिघं बसली असताना समोरून शोभाताई आल्या. दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. गुडघा दाखवायला शेजारच्या खोलीत नंबर लावून त्या इकडे वळल्या. त्यांचा आवाज आधीच खणखणीत.

"का गा सुशीलभाऊ, दवाखान्यात? पोरीले काय झालं?"

सुशीलभाऊंच्या तोंडात 'खोकला' हा शब्द अगदी तयार होता. बाकावर सात-आठ माणसं होती, दोघे ओळखीचे. हर्षा नुसती समोरच्या भिंतीकडे पाहत होती, आणि तेराव्याच्या दिवशीही ती अशीच बसली होती, हे सुशीलभाऊंना दिसलं.

"काही नाही झालं," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस दिली तिले. हर्षाची बहीण त्याच रोगानं गेली. पोटाचा आजार नव्हता तो. आम्ही खोटं सांगितलं."

बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या आणि मग, आभाळ कोसळलं नाही असं पाहून, पुन्हा सरळ केल्या.

शोभाताई शेजारी टेकल्या. "आमच्या दिपालीले आम्ही ते कवच आणलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज कोणी पहिल्यांदाच ऐकत होतं. "चालन ना ते?"

"शोभाताई, साडी घेताना तुम्ही पदर ओला करता, रुमालावर घासता, रंग जाते का पाहता. ते बी माझ्यासमोर. मी राग मानतो का?"

"मानाले काय झालं? पैसे आमचे."

"मग पोरगी तर तुमचीच हाये. तसंच घासून पाहा. महाराजाले विचारा, मले विचारा, आत डॉक्टरबाई बसल्या, त्यांना बी विचारा. कशावरून, कोणी मोजलं, काय दुखन, काय नाही होणार, सारं विचारा. विचारल्यावर ज्याले राग येते, त्याच्याकडून काही घेऊ नका. माझ्याकडून बी."

शोभाताईंचा गुडघ्याचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी घरी लावला.

"दिपाली, शाळेतून आली का वं? चप्पल घाल आणि डॉक्टर कामिनीच्या दवाखान्यात ये... नाही वं, मले काही नाही झालं. तुले बी काही नाही झालं. होऊ नये, म्हणून ये."