सतरा नंबरचा हुरडा

मोहनरावांना पाहुण्यांपुढे मिरवायची भारी हौस. उसाचं मिरवून मिरवून गावाचे कान किटले होते. पण त्या दिवशी वरकुट्याच्या शिवारात त्यांना नवं काही सापडलं. सुनेचे वडील, डाळजचे व्याही आप्पासाहेब हुरड्याला आले होते, आणि उसाच्या कडेला, लेकीला काढून दिलेल्या वाफ्यात, ज्वारीच्या निवडक कणसांवर कागदी पिशव्या चढवलेल्या होत्या.

लेक उत्कर्षा बारामतीच्या एका प्रयोगशाळेत ज्वारीचं नवं वाण काढायच्या कामावर होती. घरची ज्वारी हुरड्याला गोड, पण खोडमाशी तिचे पोंगे, म्हणजे मधले कोवळे कोंब, मारायची. दुसरं एक वाण माशीला दाद देत नसे, पण चवीला नुसता भुसा. उत्कर्षानं चिमट्यानं एकीच्या फुलांतले केसर काढले, दुसरीचे पराग त्या फुलांवर झाडले आणि दोघींचं लग्न लावून दिलं. वाफ्यात उभी होती ती त्या लग्नाची नातवंडं, एकासारखं दुसरं नाही. माशीला टिकायचा गुण त्यांतल्या कुणात उतरलाय, ते पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून कळणार होतं.

"आमी कणीस बघून बी धरायचो, ही पान बघून धरती," असं मोहनराव पारावर सांगायचे. पिशव्या कशाला, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. शेजारच्या ताटांचे पराग येऊन भेसळ होऊ नये म्हणून त्या होत्या. मोहनरावांनी आपलं ठरवून टाकलं होतं, की पाखरांसाठी असणार, दुसरं काय!

आप्पासाहेब हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "बरा हाय. आमच्याकडंबी असाच असतोय."

झालं. 'असाच' हा शब्द मोहनरावांना झोंबला. ते उठले, वाफ्यात शिरले आणि पिशवीतली झाडून सगळी कणसं मोडून घेऊन आले. पाखराची चोच न लागलेली, टपोरी कणसं! पिशव्यांवर लेकीनं घातलेले नंबर त्यांनी ऐटीत वाचून दाखवले आणि पिशव्या आगटीत टाकल्या. सगळ्यांत भरदार होतं सतरा नंबरचं. ते त्यांनी वेगळं भाजलं, स्वतःच्या तळहातावर चोळलं आणि व्याह्यांच्या पुढे धरलं. चिमूटभर आपल्याही तोंडात टाकलं.

"हे खावा. माझ्या लेकीनं केलेलं वाण हाय. मुलखात कुठं मिळायचं न्हाय."

आप्पासाहेब "वा!" म्हणाले, आणि मोहनरावांना आभाळ ठेंगणं झालं.

पाहुण्यांची गाडी वळली आणि फोन वाजला.

"आबा, पानांचा निकाल आला, सतरा नंबर जुळला!" उत्कर्षा जवळजवळ ओरडतच होती. "सगळ्या वाफ्यात येवढं एकच ताट निघालंय. दोन वर्सं हेच हुडकत हुते मी. सकाळी येतेच. तवर पिशवीला कुणाला हात लावू देऊ नका, आबा."

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर एक गोष्ट होती. पण तोंडातून निघालं ते, "बरं, बरं." माणूस घाबरला की त्याची अक्कल उलटी चालते. दिवस मावळायच्या आत त्यांनी कोयता घेतला, ती मुंडकी मोडलेली ताटं कापून म्हशीपुढे टाकली आणि वाफ्यात चपलांनी थैथै नाचून सगळं तुडवलं. सत्तरीला आलेला माणूस लेकीच्या भीतीनं डुकराचं सोंग करत होता. नाचता नाचता त्यांना स्वतःचीच किळस आली, पण पाय थांबले नाहीत.

सकाळी उत्कर्षा आली, ती थेट वाफ्यावर.

"डुकरं आली गं," मोहनराव म्हणाले. "रातीत सगळं आडवं केलं."

ती बांधावर मटकन बसली. मग डोळे पुसून उठली आणि बापाच्या दंडाला धरून म्हणाली, "असू दे. तुमी रातीला एकटं राखणीला आला न्हाई ना? डुक्कर अंगावर आलं असतं म्हंजे?"

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ही काळजी काही सोसवेना. मोहनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्कर्षा वाफ्यात उतरली. खाली वाकून तिनं एका बुडख्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. एकही मुळी उकरलेली नव्हती. पिशवीवाली सगळी ताटं, बुडख्यातून पुन्हा खोडवा फुटावा म्हणून ऊस तोडतात तशी, जमिनीलगत, एका घावात, साफ कापलेली. उभा जन्म ऊस तोडण्यात गेलेल्या हाताला दुसरी तोड येतच नाही.

"आबा," ती वर न बघताच म्हणाली, "ही डुकरं खोडवा राखणारी दिसत्यात."

मोहनरावांची मान जी खाली गेली ती गेलीच. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

"मीच," ते कसंबसं बोलले. "आप्पासायबाला हुरडा घातला. आन् मग तुझ्या भ्यानं कापलं."

"सतराबी?"

"व्हय. त्येच पयलं."

ती मातीवरच्या बुडख्यांकडे बघत कामाचं बोलल्यासारखं बोलली, "बुडखी जित्ती हायत. पाणी दिलं तर फुटवं येतील. आलं, तर पानं परत तपासून सतरा नंबर हुडकते. न्हाई आलं, तर पुन्यांदा पयल्यापासनं." जरा थांबून तिनं पहिल्यांदाच बापाकडे सरळ बघितलं. "माशीचं काय ते मशीन सांगतं, आबा. गोडीचं सांगत न्हाई, ती जिभेलाच कळती. खाल्ला नव्हं तुमी? कसा हुता चवीला?"

मोहनरावांनी डोळे मिटले. आप्पासाहेबांचा हलणारा जबडा आठवला, त्यांचा "वा" आठवला, आपण काय काय फुशारक्या मारल्या ते शब्दन् शब्द आठवलं. गोड होता का फिका, ते काही केल्या आठवेना.

"खाल्ला गं," ते म्हणाले. "पर सारा येळ तुझंच कवतिक सांगत हुतो. चव ध्यानात न्हाय."

उत्कर्षानं नुसती मान हलवली आणि ती मोटार चालू करायला विहिरीकडे निघाली. तिच्या मागून जायचं मोहनरावांना धाडस झालं नाही.