गहुंगुकडे नेलेली घागर

पंचांनी विचारलं तेव्हा स्कोलानं अभिमानानं सांगितलं, की हो, केळ्याच्या दारूची घागर मीच नेली होती गहुंगुकाकांकडे. आपलं वळण बघून पंच खूश होतील असं तिला वाटलं. टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीत ती जन्मली, तिथंच तिशीची झाली, आणि तिथं नवा माणूस शेजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नसे.

पंच एकमेकांकडे बघू लागले. तिची आई रेजिना कालच तापातून उठून दवाखान्यातून आली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

दोघी बुरुंडीत परतून दीड महिना झाला होता. मदत संस्थेनं तीन महिन्यांचं धान्य, भांडी, घोंगड्या दिल्या होत्या. घरासाठी छपराचे पत्रे आणि दार मिळायचं होतं, पण जमीन स्वतःची आहे असं टेकडीच्या, म्हणजे गावाच्या, पंचांनी सांगितलं तरच. रेजिनाच्या नवऱ्याची जमीन ती हीच. लढाईत नवरा-बायको पळाले आणि तेव्हापासून शेजारचा गहुंगु ती कसत होता, आता ती आपलीच म्हणत होता. छावणीतून पुढच्या गाडीनं रेजिनाचा मुलगा लेओनिदास चार लेकरं घेऊन यायचा होता, आणि त्याला पाय टेकायला जगात तेवढाच तुकडा होता.

गहुंगु म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. घागर घेताना त्यानं दोन्ही हात पुढे केले, दोन शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं, सगळ्यांनी घागरीत नळ्या घालून दारू प्यायली. काय चांगली माणसं आहेत, म्हणत स्कोला गुणगुणत घरी आली. वेडी कुठली!

आता तो उठून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मी काही बोलत नाही. या टेकडीवर कोण कुणाकडे घागर नेतं, तेवढं पंचांनीच सांगावं."

ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याच्याकडे कुळानं दारूची घागर न्यायची, हे मुरेंबो टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चार माणसांदेखत ती प्यायली गेली की मालक ठरला. स्कोलाला हे सांगणार कोण? आई दवाखान्यात होती. आणि छावणीत जमीनच कुणाची नाही, तिथं कूळ कुठलं आणि मालक कुठला! पोरीनं चांगुलपणा करायला जाऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मी नुसती ओळख करून घ्यायला गेले होते, असं तिनं दोनदा सांगितलं.

थोरला पंच रेजिनाकडे वळला. "घरच्या माणसानं नेलेली घागर सगळ्या घराची असते, बाई. तुमचं काय म्हणणं?"

रेजिना काठी टेकत उठली. "घरच्या माणसानं नेली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ही माझी पोर नाही. छावणीत सापडली, मी वाढवली. परक्या बाईच्या घागरीचं मी का भोगू?"

स्कोलाला आधी हसूच आलं. दोघींच्या पुढच्या दातांतली फट एकसारखी होती, ती पंचांनाही दिसत असणार. मग तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती.

"खरं आहे का, पोरी?" पंचानं विचारलं.

नाही म्हटलं तर जमीन गेली, आणि लेओनिदासची चार लेकरंही उघड्यावर आली.

"खरं आहे," स्कोला म्हणाली. "मी त्यांची कुणी नाही."

गहुंगु काहीतरी बोलायला गेला, पण पंचांनी काठी जमिनीवर आपटून निवाडा दिला. जमीन रेजिनाची.

संस्थेचा दिओ बाजूला बसून ऐकत होता. सरळ माणूस. पत्रे मंजूर झाले, असं त्यानं सांगितलं. मग कुटुंबाचं कार्ड काढून, नियमच आहे म्हणत, स्कोलाचं नाव खोडलं. धान्यातला तिचा वाटाही त्याबरोबर गेला. आता या घरात आणखी कोण येणार, नाव सांगा, असं त्यानं रेजिनाला विचारलं.

त्याला दोनदा विचारावं लागलं. पहिल्यांदा तिच्या तोंडून स्कोलाचंच नाव आलं.